४,८०० सायटेशन्स म्हणजे नक्की किती?

एका विद्यार्थ्याने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता: पीएचडीसाठी दोन मार्गदर्शक समोर आहेत. दोघंही बिहेवियरल न्यूरोसायन्समधले (मेंदू आणि वर्तन यांचा अभ्यास), दोघांचंही काम उंदरांच्या स्मृतीवर. पहिल्यांच्या गूगल स्कॉलर प्रोफाइलवर ६८ पेपर, ४,८०० सायटेशन्स (म्हणजे इतर पेपरांनी त्यांच्या कामाचा इतक्या वेळा संदर्भ दिला) आणि एच-इंडेक्स ३१ (तो काय, ते पुढे सांगतो). दुसऱ्यांचे २६ पेपर, १,४०० सायटेशन्स, एच-इंडेक्स १५. "पहिल्यांचा प्रभाव तिप्पट मानायचा का? आणि दुसऱ्यांकडे गेलो तर पस्तावेन का?" पेपरांच्या दोन्ही याद्या सोबत होत्या. त्या मी एका संध्याकाळी बसून चाळल्या. कुणाची ओळख पटू नये म्हणून इथे आकडे मुद्दाम गोल केले आहेत.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तिप्पट तर नाहीच. याद्या उलगडून पाहिल्यावर दोघं जवळपास शेजारी येऊन बसतात, आणि एका बाबतीत दुसरे पुढे निघतात. मी बावीस वर्षं उंदरांना शिकवण्यात आणि त्यांनी काय लक्षात ठेवलं ते मोजण्यात घालवली आहेत. निवड समित्यांवरही बसलो आहे, आणि तिथे एच-इंडेक्सच्या रकान्यावर बोट ठेवून माणसं उजवी-डावी करताना पाहिली आहेत. एकदा मीही तेच केलं होतं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आकडे येतात कुठून ते पटकन उरकू. गूगल स्कॉलर आणि स्कोपस, ही पेपर व त्यांची सायटेशन्स नोंदणारी ठिकाणं, दोन्ही २००४ मध्ये सुरू झाली. अशाच तिसऱ्या ठिकाणाचं, वेब ऑफ सायन्सचं, मूळ त्याहून जुनं, युजीन गारफिल्ड यांच्या १९६० च्या दशकातल्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन ठेवलेले पेपर), पुस्तकांतली प्रकरणं सगळं झाडून गोळा करतं. बाकीचे दोघे निवडक जर्नलांवर चालतात. म्हणून एकाच माणसाचे तीन एच-इंडेक्स निघतात आणि गूगलवरचा बहुधा सगळ्यांत मोठा असतो. दोन माणसांची तुलना करताना एकाचा गूगलचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा आकडा घेऊ नका. हे सांगायची गरज वाटत नाही, पण समितीपुढच्या कागदांत हा गोंधळ मी स्वतः पाहिला आहे. नावसाधर्म्याचंही तेच. आडनाव आणि एका अक्षराचं आद्याक्षर इतकंच असेल, तर दुसऱ्याच कुणाचे हृदयविकारावरचे पेपर यादीत येऊन बसतात. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख क्रमांक, असेल तर तो ताडून पाहा.

एच-इंडेक्स ही जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाची २००५ ची कल्पना. ३१ चा अर्थ एवढाच, की किमान ३१ सायटेशन्स मिळालेले ३१ पेपर आहेत. तो कधी उतरत नाही. माणूस निवृत्त होऊन बागकामाला लागला तरी त्याचा एच वाढतच राहतो. म्हणून हर्श यांनीच त्याला कारकिर्दीच्या वर्षांनी भागायची सोय ठेवली होती, ती लोक सोयीस्करपणे विसरतात. तुमच्या पहिल्या मार्गदर्शकांचा पहिला पेपर १९९६ चा आहे, दुसऱ्यांचा २००९ चा. १३ वर्षांचं अंतर इथेच आहे. रांगेत आधी उभा राहिलेला माणूस पुढे असणारच.

हे झालं हिशेबाचं. खरा मुद्दा वेगळा आहे. सायटेशन हे एक ऋण असतं, आणि आमच्या विषयात हे ऋण फार वेगवेगळ्या कारणांनी होतं. मोजणारं यंत्र मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजतं.

मॉरिस वॉटर मेझचं उदाहरण घ्या. रिचर्ड मॉरिस यांनी ते १९८१ मध्ये मांडलं आणि १९८४ मध्ये त्याची कार्यपद्धती सविस्तर छापली. गोल हौद, त्यात गढूळ केलेलं पाणी, आणि पाण्याच्या पातळीखाली जेमतेम बुडालेला एक छोटा चौथरा. उंदराला तो दिसत नाही, वासही येत नाही. भिंतीवरच्या खुणा, दार, दिवा यांच्या आधाराने जागा लक्षात ठेवावी लागते. हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी जोडलेल्या भागाला, इजा झालेले उंदीर हे नीट शिकू शकत नाहीत. १९८४ चा तो पेपर हजारो वेळा साइट झाला आहे. पण त्या हजारोंपैकी बहुसंख्य वाक्यं कशी असतात? "वॉटर मेझची चाचणी पूर्वी वर्णिल्याप्रमाणे घेतली." बस. उंची मोजणाऱ्या पट्टीच्या मागे कारखान्याचं नाव असतं, तसं. १९८५ चा पेलो आणि सहकाऱ्यांचा एलिव्हेटेड प्लस मेझचा (उंदरांची चिंता मोजणाऱ्या उंचावरच्या अधिक-आकाराच्या चौकटीचा) पेपर घ्या, किंवा अलीकडचं, २०१८ चं, व्हिडिओतून प्राण्याच्या शरीराचे बिंदू टिपणारं डीपलॅबकट घ्या, तिथेही हेच. आणि याचं टोक पाहायचं असेल तर लाउरी यांचा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा १९५१ चा पेपर पाहा. त्याची सायटेशन्स तीन लाखांच्या वर गेली आहेत.

हे हिणवण्यासाठी म्हणत नाही. चांगलं साधन देणं हे मोठं योगदान आहे, अनेक शोधांपेक्षा मोठं. पॅक्सिनॉस आणि वॉटसन यांचा उंदराच्या मेंदूचा नकाशासंग्रह १९८२ मध्ये आला. तो नसता तर माझ्यासकट कित्येकांच्या सुया मेंदूत भलत्याच जागी उतरल्या असत्या. (त्याच्या आवृत्त्या वेगवेगळ्या मोजल्या जातात, आणि पुस्तक असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी त्याचा आकडा वेगळा दिसतो.) पण मार्गदर्शक निवडताना "यांनी उपयोगी साधन दिलं" आणि "यांच्या शोधामुळे लोक वेगळा विचार करू लागले" ही दोन विधानं वेगळी ठेवायला हवीत. आकडा ती एकत्र कालवून ठेवतो.

माझंच सांगतो. माझा सगळ्यांत जास्त साइट झालेला पेपर कोणता, तर प्रयोगाआधी उंदरांना माणसाच्या हाताची सवय कशी लावावी, रोज किती मिनिटं, किती दिवस, यावरचं चार पानी टिपण. ते मी एका पावसाळी आठवड्यात लिहिलं होतं. ज्या प्रयोगासाठी सहा वर्षं घालवली, ज्यात दोन विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षं गेली, त्याची सायटेशन्स अजून पन्नासच्या आत आहेत. प्रोफाइल उघडलं की टिपण सगळ्यांत वर दिमाखात बसलेलं असतं. पूर्वी लाज वाटायची, आता सवय झाली.

सायटेशन म्हणजे सहमती असंही नाही. पोरसोल्ट यांची फोर्स्ड स्विम टेस्ट १९७७ मध्ये नेचर या जर्नलमध्ये आली. पाण्याने भरलेल्या उभ्या नळकांड्यात उंदीर थोडा वेळ धडपडतो आणि मग निश्चल तरंगतो. नैराश्यावरची औषधं दिली की ही निश्चलता कमी होते. कितीतरी वर्षं लोकांनी तिला "हताशा" म्हणत साइट केलं. आता तीच चाचणी साइट करणारे पेपर विचारतात, की तरंगणं ही हताशा कशावरून? उंदराने शक्ती वाचवायला शिकून घेतलं असेल. स्तुती आणि खंडन दोन्ही एकेक मोजली जातात. २००६ चा अमायलॉइडचा (अल्झायमरशी जोडल्या जाणाऱ्या प्रथिनाचा) पेपर तर याहून बोलका. नेचरमध्येच छापलेला, एका विशिष्ट प्रथिन-पुंजक्याने उंदरांची स्मृती बिघडते असं सांगणारा, दोन हजारांहून जास्त वेळा साइट झालेला. चित्रांमध्ये फेरफार असल्याचे आक्षेप आले आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. सायटेशन्स मात्र जिथल्या तिथे आहेत. मागे घेतल्याचा शिक्का आकड्यावर उमटत नाही.

उलट बाजूही आहे. काही कामं इतकी मुरतात की त्यांना साइट करणंच बंद होतं. हिप्पोकॅम्पस स्मृतीसाठी लागतो, हे वाक्य आज कित्येक जण कुठलाही संदर्भ न देता लिहितात. त्याच्या मागे १९५७ चा स्कोव्हिल आणि मिलनर यांचा पेपर आहे, एच. एम. नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं: ज्ञानात पूर्ण विरघळून गेलेल्या कामाचा मूळ धनी हळूहळू दिसेनासा होतो.

जर्नलच्या नावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण यादी वाचताना तुमची नजर तिकडेच जाणार, म्हणून सांगतो. गार्सिया आणि कोलिंग यांचा १९६६ चा प्रयोग माझ्या मते या विषयातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक आहे. उंदीर पाणी पिताना एकाच वेळी तीन गोष्टी घडवल्या: पाण्याला चव, जीभ लागली की दिवा लुकलुकणं आणि खटका वाजणं. मग काहींना विजेचा झटका दिला, काहींना आजारी पाडलं. आजारी पडलेल्यांनी पुढे चव टाळली, दिवा आणि आवाजाची फिकीर केली नाही. झटका बसलेल्यांनी दिवा आणि आवाज टाळला, चवीची फिकीर केली नाही. कुठलाही संकेत कुठल्याही परिणामाशी सारखाच जोडता येतो, ही त्या काळची पक्की समजूत एका फटक्यात मोडली. नामांकित जर्नलांनी गार्सियांचं काम परत पाठवलं. हा पेपर छापला सायकोनॉमिक सायन्सने. आज एखाद्या समितीत हा पेपर नुसत्या जर्नलच्या नावावरून चाळला गेला असता, तर चाळणीतून खाली पडला असता.

आता इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलचा आकडा. नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षी किती सायटेशन्स मिळाली त्यावर निघतो. पेशींच्या तबकड्यांवर काम करणाऱ्यांना दोन वर्षं पुष्कळ. आमच्याकडे वार्धक्य आणि स्मृतीवरचा प्रयोग करायचा, तर उंदीर म्हातारा व्हायलाच वीस-बावीस महिने लागतात. मग शस्त्रक्रिया, मग प्रशिक्षण, मग मेंदूचे काप घेऊन सुई खरोखर ठरल्या जागी उतरली होती का ते तपासणं. तुमचा पेपर वाचून कुणी असा प्रयोग दुसऱ्या दिवशी सुरू केला, तरी त्याचं सायटेशन दोन वर्षांच्या खिडकीत येणं कठीण. ओकीफ आणि दोस्त्रोव्हस्की यांचा प्लेस सेल्सचा (जागा ओळखणाऱ्या मेंदूपेशींचा) १९७१ चा पेपर लहानसा होता, शीर्षकातच "प्राथमिक पुरावा" असं म्हणणारा. ७६ पेशींपैकी फक्त ८ पेशी उंदीर एका विशिष्ट जागी, विशिष्ट दिशेला तोंड करून असताना पेटत होत्या. ओकीफ यांना नोबेल मिळालं २०१४ मध्ये, मोझर दांपत्यासोबत. मध्ये ४३ वर्षं गेली. जर्नलच्या आकड्यावरून एकट्या लेखाची किंवा माणसाची किंमत ठरवू नये, असं डोरा नावाने ओळखला जाणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ च्या डिसेंबरापासून सांगतो आहे. त्याच्यावर सह्या करणाऱ्या संस्थांमध्येही मी हा रकाना भरला आहे.

आता तुमच्या याद्यांकडे येऊ.

पहिल्यांची यादी मी आधी सायटेशनच्या क्रमाने लावली. सगळ्यांत वरचा पेपर १,९०० चा. उघडला. वस्तूओळख चाचणीची कार्यपद्धती: नवी आणि जुनी वस्तू शेजारी ठेवायच्या आणि उंदीर कुणाला जास्त हुंगतो ते मोजायचं. उत्तम पेपर आहे, माझ्या लॅबच्या भिंतीवरही त्याचा एक तक्ता लावलेला आहे. त्याखालचे दोन रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा आढावा घेणारे लेख), मिळून ९००. रिव्ह्यूला सायटेशन्स जास्त मिळतात हे उघड आहे. मूळ दहा पेपर वाचायचा कंटाळा आला की लोक एका रिव्ह्यूचा आधार देऊन मोकळे होतात. म्हणजे ४,८०० पैकी २,८०० तीन लेखांत संपले. उरलेले २,००० बाकीच्या ६५ पेपरांत.

त्या ६५ मध्ये २४ असे निघाले, जिथे त्यांचं नाव आठ-दहा लेखकांच्या मधोमध आहे. इथे आमच्या विषयाची एक खास गोष्ट सांगायला हवी. १९९२ मध्ये सिल्वा, टोनेगावा आणि सहकाऱ्यांनी एक विशिष्ट जनुक काढून टाकलेले उंदीर वॉटर मेझमध्ये अडखळतात हे दाखवलं, आणि तिथून नॉकआउट उंदरांची लाट आली. रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रत्येक लॅबला आपल्या लाडक्या जनुकाचा उंदीर "वागतो कसा" ते हवं होतं. पण उंदीर वागवता येणारी माणसं मूठभर. (मराठीत सगळे उंदीरच, लॅबमध्ये रॅट आणि माउस हे दोन वेगळे प्राणी असतात, आणि रॅटवर आयुष्य घालवलेल्यांना एकदम माउस शिकावा लागला. माउस पाण्यात टाकला की कधी नुसता तरंगत बसतो, तो किस्सा वेगळाच.) अशा माणसांनी डझनावारी पेपरांसाठी चाचण्या करून दिल्या आणि मधल्या जागा मिळवल्या. काम खरं, कष्टाचं. पण त्या पेपरातला प्रश्न त्यांचा नव्हता. या २४ पेपरांची सायटेशन्स साधारण १,१००.

राहिले ४१ पेपर आणि ९०० सायटेशन्स. हेच त्यांचं स्वतःच्या लॅबमधलं, स्वतःच्या प्रश्नांवरचं काम. एवढ्याचाच एच काढला, तर १७ येतो.

दुसऱ्यांची यादी अशीच लावली. कार्यपद्धतीचा पेपर नाही, एकच रिव्ह्यू आहे आणि तो तळाकडे. २६ पैकी ९ मधल्या जागा. बाकी १७ मध्ये ते पहिले किंवा शेवटचे लेखक. बिहेवियरल न्यूरोसायन्समध्ये सहसा पहिला लेखक म्हणजे ज्याने उंदीर हाताळले, शेवटचा म्हणजे ज्याची लॅब आणि ज्याचा प्रश्न. त्या १७ चा एच १३. सतरा आणि तेरा, आणि मध्ये १३ वर्षांच्या कारकिर्दीचं अंतर. आता सांगा, तिप्पट कुठे गेलं?

पण एवढ्यावर थांबलो तर मीही आकडेच मोजत बसलो असं होईल. खरं वाचन यानंतर. प्रत्येकाच्या स्वतःच्या लॅबमधले तीन-तीन पेपर निवडले आणि प्रत्येकाला साइट करणारी वीस वाक्यं काढली. गूगल स्कॉलरवर "यांनी उद्धृत केलं" वर टिचकी मारायची, पेपर उघडायचा, नाव शोधायचं, वाक्य वाचायचं. शितावरून भाताची परीक्षा, पण शितं वीस तरी घ्या, आणि पहिल्या पानावरचीच घेऊ नका. तिथे जास्त साइट झालेलेच वर येतात. प्रत्येक वाक्यापुढे मी वहीत एक खूण मांडतो. "प" म्हणजे पद्धत उसनी घेतली. "गर्दी" म्हणजे प्रस्तावनेत पाच-सहा नावांच्या कंसात एक नाव. "पाया" म्हणजे हा निष्कर्ष खरा धरून पुढचा प्रयोग रचला. "वाद" म्हणजे पुन्हा करून पाहिलं, जुळलं किंवा नाही जुळलं. शेवटचे दोन मोजा. माझ्या लेखी प्रभाव तो.

पहिल्यांच्या साठ वाक्यांत पंचेचाळीसच्या आसपास "गर्दी" आणि "प" होते. दुसऱ्यांचा एक पेपर मात्र वेगळा निघाला. भीतीची स्मृती आठवल्यावर काही तास कच्ची होते, आणि त्या वेळेत तिला अडवता येतं, या रीकन्सॉलिडेशनच्या प्रश्नावरचा. हा प्रश्न नाडर, शाफे आणि लडू यांच्या २००० च्या पेपरने पुन्हा पेटवला. दुसऱ्यांनी विचारलं होतं, की भीतीच्या जागी ठिकाणाची स्मृती असेल तर असंच होतं का, आणि ती किती जुनी असेपर्यंत होतं. एकूण सायटेशन्स २०० च्या आसपास, म्हणजे कुणाच्या नजरेत भरणार नाहीत. पण वीस वाक्यांपैकी नऊ "पाया" किंवा "वाद". तीन वेगळ्या लॅबनी तो पुन्हा केला. दोघांना जुळला. एकाला माद्यांमध्ये जुळला नाही, आणि त्यांनी तसं छापलं.

हे मला का महत्त्वाचं वाटतं? कारण आमच्या विषयात पुन्हा जुळणं स्वस्त नाही. १९९९ मध्ये क्रॅब, वाल्स्टन आणि डुडेक यांनी तीन लॅबमध्ये त्याच वंशाचे उंदीर, तीच उपकरणं, तेच वेळापत्रक, जमेल तेवढं सगळं सारखं ठेवून चाचण्या घेतल्या. तरी काही चाचण्यांत लॅबनुसार निकाल वेगळे आले. २०१४ मध्ये तर पुरुष प्रयोगकर्ता खोलीत असला, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता ठेवला, तरी उंदरांची वेदनेची प्रतिक्रिया बदलते असं दिसलं. आणि २०१३ च्या बटन व सहकाऱ्यांच्या लेखाने न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांच्या सांख्यिकीय ताकदीचा मध्यक काढला, तो निघाला जेमतेम २१ टक्के. त्यातच उंदरांच्या लिंगभेदावरचे वॉटर मेझचे अभ्यास पाहिले होते, त्यांची १८ टक्के. म्हणजे खरा फरक असूनही पाचातले चार अभ्यास तो पकडू शकले नसते. त्यामुळे कुणाचा निकाल दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या हातांनी, दुसऱ्या उंदरांवर टिकला, तर ते एक सायटेशन मी शंभर "गर्दी"च्या बरोबरीचं धरतो.

स्वतःला साइट करण्याबद्दल लोक फार कुजबुजतात. छोट्या विषयात ते अटळ आहे. मीही करतो, कारण तो हौद माझ्याशिवाय कुणाकडे नाही. प्रमाण पाहा. दोघांच्याही बाबतीत मला काही खटकलं नाही. विषयांमधला फरक धुऊन काढणारा आकडा हवाच असेल, तर आयसाइट या संकेतस्थळावर रिलेटिव्ह सायटेशन रेशो फुकट मिळतो. त्यात एखाद्या पेपरची तुलना त्याच्याबरोबर साइट होणाऱ्या पेपरांशी होते आणि १ म्हणजे अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या निधीतून झालेल्या पेपरांमधला मधला. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत असलेल्या पेपरांपुरतंच. दुसऱ्यांच्या त्या पेपरचा एकच्या बराच वर आहे. कार्यपद्धतीच्या पेपरचा त्याहूनही वर असणार, हे लक्षात ठेवा. हा आकडाही "प" आणि "पाया" वेगळे करत नाही.

मग पहिल्यांकडे जाऊच नये? तसं मी म्हणणार नाही. वर्तन नीट मोजायचं कसं हे शिकायचं असेल, तर इतकी चांगली शाळा सहसा मिळत नाही. चाचणी कुठे फसवते, उंदीर कधी कंटाळला आणि कधी विसरला, हे त्यांच्याकडचे विद्यार्थी डोळे मिटून सांगतात. त्यांच्या दोघा माजी विद्यार्थ्यांसोबत मी काम केलं आहे. प्रश्न तुमचा असेल आणि हात शिकायचे असतील, तर पहिले. प्रश्न कसा विचारतात हे शिकायचं असेल, तर दुसरे. याद्यांमधून मला एवढंच दिसतं.

दोघांपैकी कुणालाही भेटलात तर सायटेशनबद्दल बोलू नका. व्हिडिओ पाहून गुण देणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला ते माहीत असतं का, हे विचारा. प्रयोगात माद्या घेता का, तेही विचारा. २०११ मध्ये बीरी आणि झकर यांनी पाहिलं तेव्हा एकाच लिंगावरच्या न्यूरोसायन्सच्या अभ्यासांत नरांचे अभ्यास माद्यांच्या साडेपाच पट होते, आणि जुन्या लॅबमध्ये ती सवय अजून पूर्ण गेलेली नाही. उत्तर देताना माणूस सावरून बसतो की उत्साहाने पुढे सरकतो, त्यावरून पुष्कळ कळतं.

आणि भेटीआधी दुसऱ्यांचा तो रीकन्सॉलिडेशनचा पेपर स्वतः वाचा, सारांश नाही, पूर्ण. वॉटर मेझमध्ये चौथऱ्यापर्यंत पोहोचायला लागलेला वेळ वाढला, तर लोक लगेच "विसरला" म्हणतात. पण उंदीर हळू पोहत असेल, कडेकडेने फिरत असेल, किंवा थकला असेल तरी वेळ वाढतोच. म्हणून पोहण्याचा वेग, कापलेलं अंतर आणि चौथरा काढून घेतल्यावर योग्य चतकोरात काढलेला वेळ असे तिन्ही आकडे लागतात. नुसत्या योगायोगानेही त्या चतकोरात २५ टक्के वेळ जातोच. त्यांनी हे तिन्ही दिले आहेत, पण वेगाचा तक्ता मुख्य पेपरात नाही, पुरवणीत आहे. त्यातल्या चौथ्या गटाकडे पाहा. मला तिथे एक गोष्ट खटकली आहे. ती तुम्हालाही दिसते का ते सांगा, मग त्यावर बोलू.